शुक्रवारचा इंजेरा

दोह्यात शुक्रवारी सुट्टी असते, आणि या शहरात कोण कोण राहतं ते त्याच दिवशी नीट दिसतं. एरवी जी माणसं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत, इमारतींच्या दारांशी, दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबागाड्यांमागे असतात, ती शुक्रवारी आपापल्या कपड्यांत, आपापल्या मैत्रिणींबरोबर रस्त्यावर येतात. मेसैमीरच्या चर्च संकुलात निरनिराळ्या पंथांच्या प्रार्थना दिवसभर चालू असतात. इथिओपियन बायका तिथे लांबूनही ओळखू येतात त्या नेतेलामुळे. नेतेला म्हणजे रंगीत काठांची, झिरझिरीत, पांढरी सुती ओढणी. दुपारी जुन्या वस्तीतल्या इथिओपियन खानावळीत शिरलं की याच ओढण्या खांद्यावरून उतरवून, नीट घडी घालून बाजूला ठेवलेल्या दिसतात. जेवायला बसायचं तर हात मोकळे हवेत.

नोकरीनिमित्त कतारला आलेल्या मराठी कुटुंबांचं बाहेरचं जेवण म्हणजे उडुपी, लेबनीज, फार तर तुर्की. आम्ही जातो त्या खानावळीत मी आमच्याखेरीज कुणाला मराठी बोलताना ऐकलेलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. शाकाहारी मराठी माणसाला शुक्रवारी इतकं भरगच्च आणि निःशंक मनानं खाता येईल असं जेवण या शहरात दुसरीकडे सापडणं अवघड आहे.

शुक्रवारीच का, तर तो त्यांचा उपासाचा दिवस. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे बुधवार आणि शुक्रवार उपासाचे असतात. त्याखेरीज ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवसांचा मोठा उपास. सगळे मिळून सामान्य भाविकाचे वर्षाकाठी १८० च्या आसपास दिवस होतात. या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं वर्ज्य. आपल्या उपासाला साबुदाण्याच्या खिचडीत तूप चालतं आणि डाळ, कांदा, लसूण चालत नाही. त्यांच्याकडे डाळी, कांदा, लसूण भरपूर आणि तुपाचा थेंब नाही. इथिओपियातून इथे आलेल्यांत मुसलमानही पुष्कळ आहेत, त्यांना हे उपास नाहीत. पण शुक्रवारी एकाच खानावळीत एका मेजावर मांसाचं तिब्स आणि शेजारच्या मेजावर उपासाचं ताट असं सुखानं चाललेलं असतं. आपण फक्त ‘त्सोम’, म्हणजे उपासाचं, एवढं सांगायचं.

मग येतं बेयाय्नेतू. परातीएवढ्या ताटात इंजेरा अंथरलेला, आणि त्यावर थोडं थोडं करून सगळं वाढलेलं. मसुराच्या डाळीचं लालभडक, तिखट मिसिर वोत; वोत म्हणजे दाट रस्सा. वाटाण्याच्या डाळीचं, हळद घातलेलं, अजिबात तिखट नसलेलं किक अलिचा. गोमेन ही गडद हिरवी पालेभाजी. कोबी, गाजर, बटाट्याची सौम्य भाजी, बीट. आणि मातीच्या भांड्यात रटरटतच मेजावर येतं ते शिरो.

शिरो म्हणजे पिठलं, दुसरं काही नाही. हरभरे भाजायचे, काही घरांत बाकलाही घेतात, मसाल्याबरोबर दळायचे आणि ते पीठ कांदा-लसणाच्या रश्शात शिजवायचं. आपलं बेसन कच्च्या डाळीचं असतं, म्हणून पिठलं पिवळं आणि हलकं होतं. त्यांचं पीठ भाजलेलं असल्यानं रंग तांबूस तपकिरी येतो आणि चव खोल लागते. मसाला बेरबेरेचा: सुक्या मिरच्या, मेथी, आलं, लसूण, ओवा आणि कोरारिमा नावाचा त्यांच्याकडचा वेलदोडा. खरी गंमत कांद्यात आहे. भरपूर कांदा अगदी बारीक चिरून तेलाशिवाय, कोरडाच, मंद आचेवर परततात. तो पाणी सोडतो, पाणी आटतं, मग कांदा जवळजवळ विरघळतो, आणि त्यानंतरच तेल पडतं. रश्शाला दाटपणा येतो तो या कांद्याचा. इथे घाई केली की वोत जमत नाही, हे मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिलं आहे.

इंजेरा टेफचा. टेफचा दाणा खसखशीएवढा. पीठ भिजवून आधीच्या आंबवणाचं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबवतात आणि मिताद नावाच्या मोठ्या मातीच्या तव्यावर एकाच बाजूनं भाजतात. वर झाकण घालतात, मग पृष्ठभागावर असंख्य छिद्रं पडतात. त्यांना ते डोळे म्हणतात, आणि डोळे दाट पडले तरच इंजेरा साधला. मालवणी आंबोळी खाल्लेल्या माणसाला ही जाळी आणि हा आंबटपणा परका वाटत नाही. इथिओपियानं २००६ मध्ये टेफच्या निर्यातीवर बंदी घातली. देशातल्या माणसांचं रोजचं धान्य महाग होऊ नये हा त्यामागचा विचार होता. पुढे ती काहीशी सैल केली. भाजलेला इंजेरा मात्र अदिस अबाबाहून विमानानं आखातात येतो. इथल्या खानावळी टेफमध्ये तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ मिसळूनही इंजेरा भाजतात.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर सांगते. ज्वारी हे धान्य मुळात ईशान्य आफ्रिकेतलं, आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पट्ट्यातली, ज्यात इथिओपियाचं पठार येतं. हजारो वर्षांपूर्वी ही दोन्ही धान्यं समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. सोलापूरची भाकरी ज्वारीची आणि रत्नागिरीची नाचणीची. मराठी माणूस जिला आपली म्हणून मिरवतो, त्या भाकरीचं बियाणं या लोकांच्या मुलखाकडून आलेलं आहे. मिरची तर दोघांकडेही अमेरिका खंडातून आली, आणि दोघांनीही ती इतकी जवळ केली की तिच्याआधीचं आपलं जेवण आता कल्पनेतही येत नाही.

जेवण सुरू होण्याआधी वाढणारी मुलगी तांब्या आणि तस्त घेऊन प्रत्येकाच्या हातांवर पाणी घालते. चमचे नाहीत. चौघांत ताट एकच. उजव्या हातानं इंजेऱ्याचा तुकडा तोडायचा, त्यात भाजी गुंडाळायची, आपल्या बाजूचं खायचं. आणि मध्येच कुणीतरी घास करून शेजारच्याच्या तोंडात भरवतो. याला गुर्शा म्हणतात. घास जितका मोठा तितकी माया मोठी, आणि तो नाकारणं फार वाईट दिसतं. मागे एकदा शेजारच्या मेजावरच्या एका वयस्क बाईंनी मला गुर्शा दिला. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या, शुक्रवारी मैत्रिणींबरोबर आलेल्या. माझ्या लेकीनं शिरो बोटानं पुसून खाल्लेलं त्यांनी पाहिलं होतं. आधी तिला भरवलं, मग मला. लग्नाच्या पंगतीनंतर मला असं कुणी भरवलं नव्हतं.

एका ताटात जेवणं किती मोठी गोष्ट असते, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या पंक्तीला बसायचं, यावर आपल्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या माणसं तोडली. ती जोडण्यासाठी समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घातले; सगळ्या जातींची माणसं एकत्र बसून झुणका-भाकर खायची. त्यांनी पक्वान्न निवडलं नाही, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ निवडलं. इथे कतारमध्ये जातीची पंगत उरली नसेल, पण पारपत्र आणि पगार पाहून बसणारी पंगत आहे. इंजिनियर आणि बँकवाले एकीकडे, पहारेकरी आणि घरकामाच्या बायका दुसरीकडे. एका शहरात राहूनही त्यांच्या हातचं आपण खातो ते मालकाच्या घरी. त्यांच्या ताटात मात्र बसत नाही.

जेवणानंतर कॉफी, आणि तिला तासभर हवाच. हिरव्या बिया तिथेच कढईत भाजतात. भाजता भाजता कढई प्रत्येकासमोर फिरवतात, धूर हातानं आपल्याकडे ओढून वास घ्यायचा. मग कुटून जेबेना नावाच्या उंच मानेच्या मातीच्या सुरईत उकळतात. शेजारी धूप जळत असतो आणि खायला मक्याच्या लाह्या. कॉफी तीनदा ओततात: अबोल, तोना, बेरेका. प्रत्येक वेळी ती हलकी होत जाते. तिसरी न घेता उठू नये, बेरेका म्हणजे आशीर्वादाची.

इथिओपियाची ही कॉफी येमेनच्या मोखा बंदरातून जगभर गेली. त्याच मोखाच्या बाजारात सोळाव्या शतकात इथिओपियातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. पुढे बगदाद, आणि तिथून दख्खन. अहमदनगरच्या निजामशाहीतल्या चंगेजखान पेशव्यानं, जो स्वतः हबशीच होता, त्याला विकत घेतलं. तो मलिक अंबर. जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून सारा ठरवणारा मलिकंबरी धारा त्याचा. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवून तिला नहरीचं पाणी देणारा तोच. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. शाळेत हे सगळं आपण शिकतो, पण इथिओपियन माणूस समोर आला की मलिक अंबर आठवत नाही.

दोह्यातल्या मुशैरिबमध्ये बिन जेलमूद हाऊस हे संग्रहालय आहे. एका गुलाम विकणाऱ्याचं ते घर. २०१५ पासून तिथे हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापाराचा इतिहास मांडलेला आहे, कतारमध्ये गुलामगिरी १९५२ मध्ये संपली हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. स्वतःच्या शहराबद्दल इतकं उघड सांगणारं संग्रहालय उभारायला धैर्य लागतं, आणि ते कतारनं दाखवलं याचं मला मनापासून कौतुक आहे. मराठी पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी तिथे नेतो. आपल्या मलिक अंबरासारख्या हजारोंची वाट तिथे कळते.

अर्थात माणसाला माणूस म्हणून वागवण्याचं काम अजून पुरतं झालेलं नाही. घरकाम करणाऱ्यांसाठीचा कायदा इथे २०१७ मध्ये झाला. दिवसाला जास्तीत जास्त दहा तास काम आणि आठवड्यातून एक पगारी सुट्टी, असं त्यात आहे. मार्च २०२१ पासून महिना किमान १००० रियाल पगार सगळ्यांना लागू झाला, घरकाम करणाऱ्यांनाही. जेवण आणि राहणं मालकानं दिलं नाही तर त्याचे ३०० आणि ५०० रियाल वेगळे. कागदावर हे चांगलं आहे. पण बंद दाराच्या आत तो कायदा पाळायचा की नाही, हे घरमालक आणि मालकीण ठरवतात, आणि त्यांत आपणही आलो.

म्हणून दोह्यातल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. शुक्रवारी दुपारी एखाद्या इथिओपियन खानावळीत जा. चौघांत एकच ताट मागवा, चमचा मागू नका, तिसरी कॉफी घेतल्याशिवाय उठू नका. आणि तुमच्याकडे राहून काम करणारी बाई असेल, तर त्या दिवशी तिला पूर्ण सुट्टी द्या.