गजाचे वजन कोण करणार?

छत्रपती संभाजीनगर-बीड रस्त्यावरील पाचोडसारख्या गावात घर बांधण्याची रीत पार बदलली आहे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर असे माळवद मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पुढे लोखंडी गर्डर टाकून त्यांवर शहाबादी फरशी बसविण्याची पद्धत आली. आता ऐपत बेताची असली तरी घर स्लॅबचेच हवे असते. लाकूड पारखणारा सुतार गावातच होता. पोलाद पारखणारा मात्र गावाला अद्याप मिळालेला नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. या आपत्तीतून मराठवाड्याने ‘स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षित घर’ असा बोध घेतला. तो अर्धाच खरा आहे. काँक्रीट दाब सोसते. ताण सोसण्याचे काम गजाचे असते. गज कमी पडला तर तोच जड स्लॅब जुन्या भिंतीइतकाच घातक ठरू शकतो.

या भागाला पोलादासाठी दूर जावे लागत नाही. अंबडच्या पलीकडे जालन्यात भट्ट्या आहेत. तेथे मुख्यतः भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवून गज काढले जातात. या भट्टीत धातू उत्तम वितळतो. परंतु त्यातील फॉस्फरस आणि गंधक सहजासहजी निघत नाहीत आणि तेच पोलादाला ठिसूळ करतात. म्हणून भंगार निवडण्यात आणि वितळलेला रस तपासण्यात कारखानदाराची सचोटी दिसते. भारतीय मानक 1786 मध्ये ‘एफई 500’ गजासाठी या दोन्ही द्रव्यांची मर्यादा प्रत्येकी 0.055 टक्के आहे. ‘एफई 500 डी’साठी ती 0.040 टक्के आहे. सर्वच कारखान्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण ग्राहकाने केवळ छाप पाहून समाधान मानणे हेही शहाणपणाचे नव्हे.

रसायनाची तपासणी प्रयोगशाळेतच होऊ शकते. वजन मात्र कोणालाही करता येते. बाजारात ज्याला चार सुती म्हणतात त्या 12 मिलिमीटरच्या गजाचा एक मीटर तुकडा 888 ग्रॅम भरला पाहिजे. थोडी सूट मानकातच दिलेली आहे. परंतु तो 800 ग्रॅमच्या आसपास भरला तर तो प्रमाणात बसत नाही हे निश्चित. व्यास एका मिलिमीटरने घटला की गजाचे क्षेत्रफळ, म्हणजेच त्याची ताकद, सुमारे 16 टक्क्यांनी घटते. नगावर खरेदी झाली तर ग्राहक नसलेल्या पोलादाचे पैसे मोजतो. क्विंटलवर झाली तर हलक्या मालात चार गज जास्त मिळाले म्हणून तोच खूश होतो! दोष एकट्या दुकानदाराचा नाही.

सरकारी घरकुलांचीही तीच गत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचा हप्ता बांधकामाच्या छायाचित्रावर मिळतो. त्या छायाचित्रात स्लॅब दिसतो. पण त्याच्या पोटात किती सुती गज आहे आणि रिंगा किती अंतरावर बांधल्या आहेत, हे त्यात दिसत नाही. गवंडी अनुभवाने शहाणा असतो. पण गजाचे कोष्टक त्याला कोणी शिकविलेले नसते.

ग्रामपंचायतीने एक प्रमाणित काटा आणि या कोष्टकाचा फलक ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही. तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने गवंड्यांसाठी आठवडाभराचा वर्ग घ्यावा. आणि घरकुलाच्या कागदपत्रांत, स्लॅब ओतण्यापूर्वी, गजाच्या मीटरमागील वजनाची नोंद सक्तीची करावी.