द्रविड म्हणजे कोणता पिक्चर?

मॅच नसलेल्या संध्याकाळी कन्हानच्या पानठेल्यांवर एक खेळ रंगतो. एकाने खेळाडूचं नाव टाकायचं, दुसऱ्याने त्याला जुना सिनेमा जोडायचा.

"काऊन बे, द्रविड म्हंजे कोणता पिक्चर?"

"दीवार! अजून काय?"

"पण भाऊ, त्यातली भिंत तं दोन भावांच्या मधात हाये. द्रविड कुठून आला?"

तिसऱ्याची शंका रास्त आहे. 'दीवार'मधला विजय धुमसणारा माणूस; द्रविड धुमसताना कुणी पाहिला? सिनेमा तोच ठेवायचा तर द्रविडच्या वाट्याला शशी कपूरचा रवी येईल. नेमून दिलेलं काम करणारा, टाळ्या दुसऱ्याला जाऊ देणारा. २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर त्याने १८० धावा काढल्या, आणि लोकांच्या लक्षात राहिल्या त्या लक्ष्मणच्या २८१.

हा निव्वळ टाइमपास आहे, की त्याने खेळाचं नुकसान होतं? काही जाणकारांना ही थट्टा खपत नाही. खेळाला पटकथा नसते, मग त्यावर पटकथा का लादायची, असं ते म्हणतात. आम्हाला हा आक्षेप अर्धा पटतो.

आधी न पटणारा अर्धा. जोडी नेमकी जमली तर दोन्हीकडचं काही नव्याने दिसतं. नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा घ्या. २००७ मध्ये भारतीय संघात आला, पुढची काही वर्षं 'गुणी आहे, पण' एवढीच त्याची ओळख. २०११ च्या विश्वचषक संघात त्याला जागा नव्हती. २०१३ मध्ये सलामीला गेला आणि पुढच्याच वर्षी एका डावात २६४. याला कुणी 'शोले' म्हटलं तर हरकत कशी घेणार? १९७५ मध्ये 'शोले' लागला तेव्हा सुरुवातीला तो पडल्याचीच बोलवा होती. मग मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं मुक्काम ठोकला. सुरुवातीला निकाल देणाऱ्यांची दोन्हीकडे सारखीच फजिती झाली. ही तुलना नुसती गमतीची नाही, खरी आहे.

काही जोड्या मात्र ढ असतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. लगेच 'शतरंज के खिलाडी'! सत्यजित राय यांच्या त्या चित्रपटात दोन जहागीरदार पट मांडून बसतात आणि तिकडे अवध कंपनी सरकारच्या घशात जातं. दिव्याशी साम्य फक्त पटाचं. हसून सोडून द्यावं असं.

खरा आक्षेप पुढे आहे. चंद्रकांत पंडित यांना सगळ्यांनी 'चक दे इंडिया'चा कबीर खान करून टाकलं. १९९९ मध्ये बंगळूरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून त्यांनी रणजी अंतिम सामना गमावला. २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून मुंबईला हरवून करंडक उचलला. सिनेमावाल्याला याहून काय हवं? पण मधली वर्षं बघा. पंडित यांच्याच हाताखाली, फैज फजलच्या नेतृत्वात, विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली. पहिल्या वेळी इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली. 'चक दे'च्या साच्यात हे बसत नाही. अपमान आणि परतफेड यांच्या मध्येच दोन करंडक आले तर गोष्टीची हवा निघते, म्हणून सांगणारा ते गाळतो. म्हणजे गोष्ट नीट व्हावी म्हणून विदर्भाचे करंडक कापले जातात. नागपूर जिल्ह्यात राहून आम्ही हे गोड मानून घ्यावं?

विनोद कांबळीच्या बाबतीत साचा याहून क्रूर होतो. १९८८ ची ६६४ धावांची शालेय भागीदारी, मग दोन मित्रांच्या दोन वाटा. एक वर गेला, एक खाली. 'देवदास'ही लगेच आठवतो. या कथेत १७ कसोटींतली ५४.२० ची सरासरी कुठे सांगितली जाते? शिवाय पडद्यावरचा देवदास मरून मोकळा होतो. इथे माणूस हयात आहे, आणि आपल्याविषयी काय बोललं जातं ते ऐकतो आहे.

तरीही सिनेमाला सरसकट दोष देता येणार नाही. हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सुमारे वीस वर्षं झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवत होते. 'स्लम सॉकर' हे नाव कितीतरी घरांत पोचलं ते मार्च २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आल्यावर. (अमिताभचं नाव तिथेही विजयच. या खेपेला मात्र ते सलीम-जावेदने नव्हे, नागपूरने पुरवलं.)

आता घरचा माणूस. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत कामगार. वेकोलिच्या खाणींवर वाढलेल्या आपल्या पट्ट्यात त्याला 'काला पत्थर' चिकटणारच. पण त्या सिनेमातला विजय बदनामी झालेला जहाजाचा कप्तान आहे, तो खाणीत प्रायश्चित्त घ्यायला उतरतो. उमेशचे वडील उतरले ते पोटासाठी. कोळसा सोडला तर दोन्हींत समान काय? उलट या नावामुळे प्रत्येक लेखात गरिबी आधी येते, पोलीस भरतीतलं अपयश मग, आणि गोलंदाजीला शेवटच्या दोन ओळी मिळतात. टेनिस बॉलवर खेळणारा पोरगा विशी गाठताना लेदर बॉलकडे वळला आणि त्या वेगातही चेंडू उशिरा बाहेर काढायला शिकला. हे कसं जमलं, हा खरा विषय आहे. त्याची चर्चा होत नाही.

तेव्हा आमचा कौल असा: खेळ चालू द्या, पण जोडी लावणाऱ्याने सिनेमाही पाहिलेला असावा आणि स्पेलही. उमेशला 'काला पत्थर' नको, 'सिंहासन' द्या. मोठमोठे लोक खुर्चीसाठी झगडतात आणि कडेला उभा निळू फुले यांचा दिगू टिपणीस सगळं पाहत राहतो. भारतातल्या फिरकीच्या खेळपट्ट्यांवर अश्विन-जडेजाच्या शेजारी उमेशही बहुतेकदा असाच कडेला असायचा. अपवाद नोव्हेंबर २०१९ चा. कोलकात्यात गुलाबी चेंडूवर बांगलादेशविरुद्ध त्याने ८ बळी घेतले, इशांतने ९, आणि फिरकीपटूंना एकही मिळाला नाही.