बंगळूरच्या आकाशातली ती सकाळ आणि न झालेली नोंद

नंदगड : आपल्या खानापूर तालुक्यातली कितीतरी पोरं बंगळूरला नोकरीला आहेत. पूर्वी रात्रीची गाडी धरायची, आता सुट्टी कमी असली की सांबऱ्याहून विमान. तिकीट कितीला पडलं आणि विमान वेळेत सुटलं का, घरचे एवढंच विचारतात. वर गेल्यावर त्या विमानाला वाट कोण मोकळी करून देतं, हा प्रश्न आपल्या डोक्यातसुद्धा येत नाही.

७ जानेवारी २०२२ ची सकाळ आठवा. खरं तर आठवणार नाही, कारण त्या दिवशी कुणाला काही कळलंच नव्हतं. बंगळूरच्या केंपेगौडा विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्या आहेत. उत्तरेकडच्या पट्टीवरून विमानं उडत होती, दक्षिणेकडच्या पट्टीवर उतरत होती. मग पाळीच्या प्रमुखाने ठरवलं की दोन्ही कामं उत्तरेच्या एकाच पट्टीवर करायची. दक्षिणेची पट्टी बंद झाली, पण दक्षिण टॉवरवर बसलेल्या नियंत्रकाला ते कुणी सांगितलंच नाही. त्याने इंडिगोच्या कोलकात्याच्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली. त्याच वेळी उत्तर टॉवरने इंडिगोच्याच भुवनेश्वरच्या विमानाला सोडलं. दोन्ही मिळून चारशेहून जास्त माणसं. उडाल्यावर विमानं एकमेकांकडे सरकू लागली. रडारवर बसलेल्या नियंत्रकाच्या हे लक्षात आलं, त्याने दोघांना वेगवेगळ्या दिशेने वळवलं आणि प्रसंग टळला.

इथवर वाचून वाटेल, वाचले ना सगळे, मग झालं. पण पुढचं ऐका. या प्रकाराची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही. विमानतळ प्राधिकरणाने वरही कळवलं नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, प्राथमिक अहवालातून हे उघड झालं आणि बातम्या आल्या तोवर बरेच दिवस उलटून गेले होते.

मी कॉमर्सचा माणूस. आमच्याकडे शिकवतात की रोजकीर्दीत जे आलं नाही ते खतावणीत येत नाही, आणि खतावणीत नाही ते ताळेबंदात दिसत नाही. पतपेढीत दोन खिडक्या असतात. एक बंद केली आणि तिथल्या कॅशियरलाच सांगितलं नाही, तर संध्याकाळी गोंधळ होतो. तो गोंधळ लिहून ठेवला तर दुसऱ्या दिवशी पाटी लावायची बुद्धी होते. मिटवून टाकला तर महिन्याभराने तोच गोंधळ पुन्हा होतो. फरक इतकाच की तिथे पैसे चुकतात.

यंत्र नाही का, असं कुणी विचारेल. आहे. मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा असते. दोन विमानांतली यंत्रं आपसात बोलतात, एकाला वर चढ म्हणतात, दुसऱ्याला खाली उतर. आपल्या देशात ती सक्तीची झाली १२ नोव्हेंबर १९९६ च्या चरखी दादरीच्या अपघातानंतर. दिल्लीहून निघालेलं सौदीचं जंबो आणि दिल्लीला उतरणारं कझाकस्तानचं विमान भिडलं आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली आलं. तेव्हा दिल्लीला येणारी आणि जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून ये-जा करत. ते रस्ते वेगळे झाले तेही या अपघातानंतरच.

यंत्रणेचा उपयोग होतो हे फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या हवाई क्षेत्रात दिसलं. दिल्लीहून पुण्याला येणारं विस्ताराचं विमान आणि मुंबईहून भोपाळला निघालेलं एअर इंडियाचं विमान अगदी जवळ आली होती, इशारा मिळाला म्हणून निभावलं. पण विमान जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या आत असताना हे यंत्र वर-खाली जाण्याचा आदेश देतच नाही, कारण तिथे खाली जायला जागा नसते. म्हणजे विमानतळाच्या सगळ्यात जवळ, जिथे गर्दी सगळ्यात जास्त, तिथे शेवटचा भरवसा माणसावरच. रडारच्या हद्दीत विमानतळाजवळ दोन विमानांत साधारणपणे तीन सागरी मैल किंवा उंचीत हजार फूट अंतर ठेवतात. तीन सागरी मैल म्हणजे साडेपाच किलोमीटर. नंदगडहून निघालात तर खानापूर यायच्या आत संपेल एवढंच. विमान ते मिनिटाभरात कापतं.

बेळगावला आकाशातल्या टकरीचं दुःख परकं नाही. २८ जानेवारी २०२३ रोजी मध्य प्रदेशात सुखोई आणि मिराज ही हवाई दलाची विमानं कोसळली. त्यात गणेशपूरचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. घाटाखाली गोव्यात १ ऑक्टोबर २००२ ला दाबोळीवर नौदलाची दोन इल्युशिन विमानं हवेत आदळली आणि दोन्हींतले बाराही जण गेले. ही लष्करी उड्डाणं, त्यांचे नियम वेगळे, मान्य. पण आपलं आकाशही मिश्रच आहे. सांबऱ्यात हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, प्रवासी विमानं आहेत आणि शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानंही उडतात. त्यातलंच एक मे २०२३ मध्ये होनिहाळच्या शेतात उतरवावं लागलं होतं. गोव्यात तर दाबोळी नौदलाचं आणि वर मोपा, २०२३ पासून दोन-दोन विमानतळ.

जून २०२४ मध्ये मुंबईत एकाच धावपट्टीवर एक विमान उडत असताना मागून दुसरं उतरलं. लोकांना ते कळलं मोबाइलवर फिरलेल्या व्हिडिओमुळे. डीजीसीएने लगेच नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं. चौकशी व्हायला हवीच. पण चूक उघड झाली की आधी खालच्या माणसाची खुर्ची जाते, हे टॉवरमधले सगळे बघत असतात. मग ज्या प्रसंगाचा व्हिडिओ नाही, तो वहीत कोण लिहील? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही नियंत्रकांची कमतरता आणि थकवा यांवर बोट ठेवलं. माणसं कमी, पाळ्या लांब आणि वर नोकरीची भीती, अशा ठिकाणी वही कोरीच राहणार.

आपले खासदार, चेंबरवाले, सगळे सांबऱ्यासाठी नवीन विमानं मागतात. मुंबईला आणखी एक, दिल्लीला रोजचं. मागावीत, आम्हालाही हवीत. पण त्याच निवेदनात दोन ओळी वाढवायला काय हरकत आहे : सांबऱ्याच्या टॉवरवर एका पाळीला किती माणसं असतात, आणि गेल्या वर्षात विमानं ठरल्यापेक्षा जवळ आल्याच्या किती नोंदी झाल्या? उत्तर ‘एकही नाही’ असं आलं, तर वही कोण लिहितो तेही विचारून घ्यावं.