मांडवाला इंजिनिअर मिळेल का?

आधीच सांगून टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी ही 'थर्ड लँग्वेज' होती आणि मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच आला नसता. ओलांडा, बगलफूट, खरड छाटणी या शब्दांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही चटकन सुचत नाही. ते शब्द मी पुस्तकात वाचलेले नाहीत, आमच्या बागेत ऐकलेले आहेत.

तर झालं असं. मागच्या सेमच्या सबमिशनची रात्र. ड्रॉइंग शीट अर्धी झालेली, चहा थंड झालेला, आणि माझी रूममेट शीट सोडून मोबाइलवर एक व्हिडिओ बघत बसलेली. कॅनडातला कुणीतरी माणूस. घरातल्या एका खोलीत चंदेरी कापडाचा तंबू, वर दिवे, खाली कुंड्या, आणि कुंड्यांत चक्क गांजाची झाडं! (रेक्टर मॅडम, घाबरू नका. कॅनडात 2018 पासून हे कायदेशीर आहे आणि बहुतेक प्रांतांत घरात चार झाडं लावता येतात. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्याप्रमाणे विनापरवाना एक झाड लावणं हासुद्धा गुन्हा आहे. आमच्या खोलीत फक्त तुळस आहे, आणि तीही पाण्यावाचून मरायला टेकलीय.)

त्या माणसाने झाडांच्या वर एक जाळी आडवी ताणून बसवली होती. कोवळा शेंडा जाळीच्या वर आला की तो हळूच वाकवून पुन्हा जाळीखाली घालायचा आणि शेजारच्या चौकोनाकडे न्यायचा. असं करत करत सगळी जाळी हिरवीगार भरली. या पद्धतीचं नाव 'स्क्रीन ऑफ ग्रीन', म्हणजेच स्क्रोग. रूममेट म्हणाली, "काय डोकं लावलंय बघ!"

मी म्हटलं, "अगं, हा तर आमचा मांडव!"

ती हसली. पण मी गंमत करत नव्हते. आमचं गाव तासगाव तालुक्यात. दोन एकर द्राक्षबाग, निम्मी तास-ए-गणेश, निम्मी सोनाका. वेलीचं खोड सरळ वर नेतात, साधारण माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर तारांच्या जाळीपाशी आणतात, शेंडा मारतात आणि मग ओलांडे आडवे पसरवतात. शेंडा का मारायचा? कारण शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंड्याची मक्तेदारी मोडली की बाजूचे डोळे फुटतात. तंबूतला माणूस शेंडा वाकवतो, आम्ही मारतो, पण तत्त्व तेच.

फरक कुठे आहे तोही सांगते. तंबूतला दिवा झाडापासून हातभर अंतरावर असतो. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण पाव होतो, म्हणून सगळे शेंडे एका पातळीत ठेवायला त्याला जाळी लागते. सूर्य काही हातभर अंतरावर नाही! मांडवाचा हेतू वेगळा. प्रत्येक पानाला ऊन मिळावं, घड मात्र खाली सावलीत लोंबावेत, त्यांना उन्हाचा चट्टा लागू नये आणि माणसाला खालून उभ्या उभ्या विरळणी करता यावी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या काड्या तयार होतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आधीच ठरत असतात, आणि त्यासाठी काडीवर ऊन पडावं लागतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर दिसतं ते फक्त उत्तर, पेपर एप्रिलमध्येच लिहून झालेला असतो. मांडवाचे तोटेही आहेत. खर्च जास्त, आणि पानांची गर्दी झाली की आत हवा खेळत नाही, मग डाऊनी आलाच. म्हणून आता बरेच लोक वाय ट्रेलिसकडे वळलेत.

एवढं सगळं मला माहीत होतं. पण एक गोष्ट माहीत असूनही दिसली नाही, आणि खरं म्हणजे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय.

मी दुसऱ्या वर्षाला असताना फेब्रुवारीत आमचा एक एकर मांडव पडला. माल उतरायला पंधरा दिवस होते. व्यापारी बाग बघून गेला होता, दर ठरला होता. संध्याकाळी वारा सुटला, अर्धा तास अवकाळी पाऊस पडला, आणि पूर्वेच्या बांधावरचा एक ताण उपटला. त्याच्या मागोमाग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. पप्पा सांगत होते, पत्त्यांचा बंगला पडावा तसा मांडव एका बाजूने बसत गेला. सगळे घड मातीत. काही वेली खोडापासून मोडल्या. फळपीक विम्याची भरपाई हवामानाच्या निकषांवर मिळते आणि तीही पिकाची. अँगल आणि तार त्यात बसत नाहीत.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात आमची स्ट्रक्चरल ॲनालिसिसची युनिट टेस्ट होती. प्रश्न दुसरा, दहा मार्क : केबलमधला ताण काढा आणि अँकरवर येणारं बल काढा. मला दहापैकी नऊ मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच बांधावर उभी राहून फोटो काढले होते. फोटोत मागे तो ताण दिसतोय. जमिनीत शिरतो तिथे तार गंजून निम्मी झालेली. फोटो झूम करून बघितला तेव्हा रडू आलं. नऊ मार्कांचं काय करायचं?

गणित अगदी सोपं आहे. एकरी 12 टन माल धरा. एकर म्हणजे सुमारे 4000 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 3 किलो घड. पानं, काड्या आणि पावसाचं पाणी मिळून 4 किलो धरू. तारा दीड-दीड फुटावर, म्हणजे 45 सेंटिमीटरवर. एका तारेवर मीटरला 1.8 किलो. खांबांतलं अंतर 3 मीटर आणि तारेला मध्ये 5 सेंटिमीटर झोळ. भार गुणिले अंतराचा वर्ग, भागिले आठ पट झोळ. उत्तर येतं सुमारे 40 किलो. एका तारेत! झोळ निम्मा केला तर ताण 80 किलो. म्हणजे "तार चांगली टाइट मार" असं सांगून आपण मांडव मजबूत करत नसतो, अँकरवरचा ताण वाढवत असतो.

मधल्या खांबांना दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ असते, त्यामुळे ते शांत उभे असतात. खरी परीक्षा बांधावरच्या खांबाची. त्याच्या वाट्याला साडेसहा-सात तारा येतात, म्हणजे 270 किलोच्या आसपास आडवी ओढ, तीही खांबाच्या डोक्यावर. ती जमिनीत उतरवणारी एकच गोष्ट असते, मातीत पुरलेला तो ताण. पाऊस पडला की माती मऊ होते, पानं भिजून भार वाढतो आणि वारा हलवत राहतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. आणि एक ताण सुटला की त्याचा वाटा शेजाऱ्यांवर जातो, जे आधीच काठावर असतात. हे समजायला पीएचडी लागत नाही हो. सेकंड इयर पुरतं.

मग प्रश्न असा, की हे कुणी बघायचं?

मी हा विषय काढला की पहिलं उत्तर येतं, "हे ॲग्रीवाल्यांचं काम." नाही पटत मला. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, कृषी विद्यापीठं आहेत, बागायतदारांचा संघ आहे. त्यांच्यामुळे छाटणी, खत, औषध याबद्दल आमच्या गावातला माणूस तुम्हाला तासभर लेक्चर देईल. पण मांडव उभा करतो गावातला वेल्डर, अंदाजाने. त्याच्या अंदाजाला मी नावं ठेवणार नाही. त्याने उभे केलेले कितीतरी मांडव वीस-वीस वर्षं उभे आहेत. पण अंदाज हा मागच्या अनुभवावर असतो, आणि भार आता बदललाय.

तो कसा, ते सांगते. अवकाळीच्या भीतीने लोक आता मांडवावर प्लास्टिकचं आच्छादन टाकायला लागलेत. पावसापासून घड वाचतात, हे खरंच आहे. पण पानांतून वारा गाळून जातो, प्लास्टिकमधून जात नाही. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर वारा धरा. आपल्या आयएस 875 मधलं सूत्र वापरलं तर दाब येतो 240 न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 24 किलो. त्यातला निम्मा जरी आच्छादन वर उचलायला लागला तरी 12 किलो. घडांचा भार होता 4 किलो, तोही खालच्या दिशेने! म्हणजे जो मांडव इतकी वर्षं खाली पडू नये म्हणून बांधला, तो आता वर उडू नये म्हणून बांधायला हवा. वीस वर्षांच्या अनुभवात हे कुठून येणार?

दुसरं उत्तर मुलांकडून येतं, "शेतकरी आपलं ऐकणार आहेत का?" यात थोडं तथ्य आहे. मांडव पडल्यावर मी कागद-पेन घेऊन पप्पांना समजवायला बसले, तर म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" बस्स, एवढंच. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही. शेतकरी ऐकत नाहीत हे आपण सांगून बघितल्यावर म्हणायचं असतं. आपण तर सांगितलेलंच नाही.

आणि आपण का सांगत नाही तेही कबूल करू या. आपल्या हॉस्टेलमध्ये निम्म्याहून जास्त मुलं-मुली शेतकऱ्यांच्या घरातली असतील, पण मेसच्या टेबलावर कुणी बागेचं बोलत नाही. मी स्वतः पहिलं वर्षभर 'पप्पांचा बिझनेस आहे' असं सांगत होते. कॉन्व्हेंटमध्ये ते अंगवळणी पडलेलं. घर एका वहीत, कॉलेज दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या एकत्र उघडायच्या नाहीत. माझ्या बाबतीत तरी गंजलेला ताण न दिसण्याचं कारण हेच होतं. डोळे होते, सूत्र होतं, पण ते दोन वेगवेगळ्या वह्यांत होते.

आता सूचना, कारण नुसती तक्रार केली तर सर म्हणतील, "प्रॉब्लेम स्टेटमेंट झालं, मेथडॉलॉजी कुठेय?" दरवर्षी सिव्हिल आणि मेकॅनिकलचे कितीतरी प्रोजेक्ट होतात, त्यातले काही मागच्या बॅचचं कव्हर बदलून होतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यातले दोन ग्रुप मांडवाला द्या. ऑक्टोबर छाटणीच्या आधी, म्हणजे घडांचा भार यायच्या आत, एनएसएसच्या कॅम्पला जोडून चार गोष्टी तपासायच्या. ताण जमिनीत शिरतो तिथे गंज किती, तारेला झोळ किती, कडेचे खांब ओळंब्यात आहेत का आणि पुरलेला दगड किती खोल आहे. टेप, ओळंबा, वही आणि एक फावडं. मांडवामागे एक पानाचा मराठी अहवाल, शेतकऱ्याला वाचता येईल असा. प्लास्टिक टाकायचं असेल तर वेगळं गणित, आणि त्यावर सरांची सही. आम्हा पोरांच्या सहीवर कुणी लाखोंचा माल टांगू नये, हे मलाही मान्य आहे.

हे मी घाईने का लिहितेय? कारण पप्पांनी कर्ज काढून मांडव पुन्हा उभा केलाय, आणि यंदा त्यावर प्लास्टिक टाकायचं म्हणतायत. परवा फोनवर विचारलं, "तू शिकतीयस तर सांग, टाकू का? उडणार नाही ना?"

मी गणित केलंय. तीनदा केलंय. कडेच्या ताणांवर प्रत्येक वेळी उत्तर 'नाही' असंच येतंय, पण माती किती धरते याचा आकडा माझ्याकडे नाही. तो वहीत मिळत नाही, तिथे जाऊन ताण ओढून बघावा लागतो. पप्पांना म्हटलं, छाटणीपर्यंत थांबा, मी कुणालातरी घेऊन येते.

ते थांबलेत. आता माझ्याबरोबर कोण येतंय, बोला. लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला, मरायला टेकलेली तुळस असलेली खोली.