गरजणारा धूर आणि शरावतीचं पाणी

आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो. झांबेझी नदी, रुंदी १,७०८ मीटर, उंची १०८ मीटर. एका काठावर झांबिया, दुसऱ्या काठावर झिम्बाब्वे. तिथले लोक त्याला 'मोसी-ओआ-तुन्या' म्हणतात, म्हणजे गरजणारा धूर. डेव्हिड लिव्हिंग्स्टननं तो १६ नोव्हेंबर १८५५ रोजी पाहिला आणि आपल्या राणीचं नाव त्याला देऊन टाकलं. जणू इतकी वर्षं बिचारा बारशाची वाट पाहत बसला होता!

पाठीवर पिशवी टाकून तिथं एकट्यानं जाणारे प्रवासी जगभरातून येतात. त्यांची वर्णनं वाचली की आपल्यालाही वाटतं, एकदा असं एकटंच उठून जावं. मग विमानाचं भाडं आठवतं, मुलांच्या परीक्षा आठवतात आणि मासिक मिटून आपण कुकर लावायला उठतो.

पण वाचकहो, धबधबा बघायला एकटंच जायचं असेल तर समुद्र ओलांडायची गरज नाही. दोन काठांवर दोन राज्यं असलेला धबधबा आपल्याकडेही होता. शरावती नदीवरचा जोग, जुन्या पुस्तकांतला गिरसप्पा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी त्याच्या एका काठावर म्हैसूर राज्य होतं आणि पलीकडे उत्तर कानडा जिल्हा, म्हणजे आपलं मुंबई राज्य! समोरासमोरच्या दोन प्रवासी बंगल्यांना म्हणूनच 'मैसूर बंगला' आणि 'बॉम्बे बंगला' अशी नावं पडली. भाषावार प्रांतरचनेनंतर दोन्ही काठ एका राज्यात आले. धबधब्याला अर्थातच काही फरक पडला नाही.

उंचीच्या बाबतीत जोगनं व्हिक्टोरियासमोर मान खाली घालायचं कारण नाही. जोग २५३ मीटर उंच आहे, म्हणजे व्हिक्टोरियाच्या दुपटीहून जास्त. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा त्याच्या चार धारा. राजा सरळ खाली झेपावतो, रोअरर गर्जना करत कड्यावर आपटतो, रॉकेट फवारे उडवत सुटतो आणि राणी पदर सांभाळत उतरावी तशी उतरते.

बेंगळुरूत राजाजीनगरला राहणाऱ्यांना तर जोग अगदी सोयीचा. मेट्रोत बसलं की चौथं स्थानक मॅजेस्टिक. तिथून रेल्वे स्टेशन लागूनच. रात्री तालगुप्प्याच्या गाडीत झोपायचं, सकाळी शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. पुढे पंधराएक किलोमीटर बस किंवा रिक्षा. मागच्या पावसाळ्यात मी हाच रस्ता धरला, एकटीनं.

एकटीनं म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालंच. सासूबाई म्हणाल्या, "एकटीच कशाला? त्याला सुट्टी मिळेपर्यंत थांब की." शेजारच्या काकूंना वाटलं, आमचं काही बिनसलंय. मुलाचा प्रश्न सर्वांत सरळ होता, "तुला तिथं कंटाळा नाही येणार?" पुरुष एकटा गेला तर तो फिरायला जातो. बाई एकटी निघाली की तिनं आधी कारण द्यायचं. 'ऑफिसचं काम आहे' म्हटलं असतं तर एका वाक्यात सुटका झाली असती. पण मी सांगितलं, धबधबा बघायचाय. दोन दिवसांची भाजी चिरून ठेवली आणि निघाले.

जोगला पोचले तेव्हा समोर काही म्हणजे काही नव्हतं. दरीत दाट धुकं आणि आतून येणारा घनगंभीर आवाज. गरजणारा धूर तो हाच! पर्यटकांची एक बस आली, मंडळींनी धुक्याला पाठ करून फोटो काढले, दहा मिनिटं हळहळली आणि निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. माझ्या मागे घाई करणारं कुणीच नव्हतं. कुणाला भूक लागली नव्हती, कुणाचे पाय दुखत नव्हते. मी कठड्याशी भाजलेलं कणीस खात उभी राहिले. कणीसवाल्यानं कानडीत विचारलं, "ओब्बरे बंद्रा?" एकट्याच आलात का? मी हो म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि आणखी थोडं तिखटमीठ लावून दिलं.

तासाभरानं वारा सुटला आणि पडदा सरकावा तसं धुकं बाजूला झालं. आधी राजा दिसला, मग चौघेही. पाचेक मिनिटं, फार तर सात. मग पुन्हा पांढरं. पण त्या पाच मिनिटांसाठी मी तासभर थांबू शकले, हीच एकट्या प्रवासाची कमाई. चार माणसांत असते तर मीच म्हणाले असते, चला, मुलं दमलीत.

व्हिक्टोरियाचीही हीच गंमत आहे. एप्रिलच्या सुमारास झांबेझीला भरपूर पाणी असतं, तेव्हा तुषारांचा ढग इतका दाट होतो की समोरचा धबधबाच दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी ओसरतं, दिसतं सगळं. पण झांबियाच्या बाजूला बराचसा कोरडा कडाच. भर पौर्णिमेला मात्र तिथं चांदण्याचं इंद्रधनुष्य उमटतं.

जोगच्या कोरडेपणाचं कारण फक्त ऋतू नाही. धबधब्याच्या वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण आहे, १९६४ साली पूर्ण झालेलं. शरावतीचं पाणी तिथं अडतं आणि बोगद्या-कालव्यांतून वीजघरांकडे वळतं. पावसानं धरण भरून दरवाजे उघडले, तरच जोग आपल्या पूर्ण रूपात दिसतो. एरवी उन्हाळ्यात चार बारीक रेघा. वीज इथं त्याआधीपासून आहे. जोगच्या पायथ्याचं महात्मा गांधी वीज केंद्र १९४८ सालचं, आणि नंतर उभं राहिलेलं शरावती वीज केंद्र १,०३५ मेगावॅटचं.

आता राजाजीनगरकडे बघा. राजगोपालाचारींच्या नावाची ही वस्ती स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत औद्योगिक उपनगर म्हणून आखली गेली. कारखाने आले, कामगारांची घरं आली, पुढे आपली मराठी कुटुंबंही आली. या कारखान्यांची यंत्रं आणि घरांतले पंखे ज्या विजेवर फिरले, तिच्यात जोगचा मोठा वाटा. आपल्या मिक्सरचं बटण दाबताना ही राणी कुणाला आठवते?

ही आठवण मला परतीच्या वाटेवर करून दिली ती सागरच्या बसमधल्या एका आजींनी. कंडक्टरनं त्यांना शून्याचं तिकीट दिलं. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये पैसे पडत नाहीत. आजी म्हणाल्या, लेकीकडे जायला आता कुणाकडे हात पसरावा लागत नाही. मग बोलता बोलता कळलं, त्यांचं माहेर लिंगनमक्कीच्या पाण्याखाली आहे. त्या तेव्हा लहान होत्या. घरातली भांडी बैलगाडीत भरलेली त्यांना आठवतात, आणि अंगणातली सुपारीची झाडं. मी बेंगळुरूची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे लाइट जातात का हो?"

"उन्हाळ्यात कधी कधी," मी म्हटलं.

"आमच्याकडे पावसाळाभर जातात."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, पाऊस पडतोय म्हणावं तितक्या सहजपणे म्हटलं. मला मात्र पुढे बराच वेळ काही बोलायला सुचलं नाही.

धरणामुळे उठलेल्या या कुटुंबांच्या जमिनींच्या कागदपत्रांचा प्रश्न पुढे अनेक दशकं लोंबकळत राहिला. जलाशयापलीकडे सिगंदूरच्या चौडेश्वरीच्या बाजूला राहणाऱ्या गावकऱ्यांना सागरला यायचं तर बार्जचाच आधार. आजारी माणूस असो की बाळंतीण, बार्जची वेळ सांभाळायची. तिथला सुमारे अडीच किलोमीटरचा पूल खुला झाला तो जुलै २०२५ मध्ये, म्हणजे धरणानंतर एकसष्ट वर्षांनी. झांबेझीवर हेच घडलं. धबधब्याच्या खालच्या अंगाला १९५९ साली करिबा धरण बांधून झालं. ते खाली असल्यानं व्हिक्टोरियाचा धबधबा वाचला, पण सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला.

आणि विषय संपलेला नाही. शरावतीचं पाणी थेट बेंगळुरूला पिण्यासाठी आणायची योजना २०१९ साली पुढे आली, तेव्हा शिवमोग्गा जिल्ह्यात तीव्र विरोध झाला, बंद पाळला गेला. त्याशिवाय याच खोऱ्यात २,००० मेगावॅटचा पाणी वर चढवून वीज साठवण्याचा प्रकल्प आखलेला आहे. सिंहपुच्छ वानरांच्या जंगलाचं काय, हा प्रश्न त्यावरून विचारला जातोय. शहराला पाणी नको असं राजाजीनगरात राहून मी कशी म्हणू? आमच्याही नळाला एक दिवसाआड पाणी आलं की घरात भांडण होतं. पण गाडी धुताना पाइप वाहता सोडण्याआधी त्या आजी आठवल्या, तरी पुष्कळ झालं.

तुम्हाला जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. जुलैअखेर ते सप्टेंबर हा काळ उत्तम. निघण्यापूर्वी लिंगनमक्की किती भरलंय ते वर्तमानपत्रात बघा. मुक्कामाची जागा आधीच ठरवा आणि दिवसाउजेडी पोचा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. मलनाडच्या जंगलात जळवा पायाला चिकटतात, पुरचुंडीत मीठ असू द्या. दरीत उतरणाऱ्या पायऱ्या चौदाशेच्या घरात आहेत आणि पावसात अनेकदा बंद ठेवतात. बंद असतील तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. रोज ठरलेल्या वेळी घरी एक फोन करा, म्हणजे तिकडची माणसंही निवांत जेवतील.

आणि परत आल्यावर कुणी विचारलंच, एकटीनं जाऊन काय पाहिलंस, तर सगळं सविस्तर सांगा. आमच्या शेजारच्या काकूंना मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "तालगुप्प्याच्या गाडीचं आरक्षण किती दिवस आधी करावं लागतं गं?"