टपाल हशील, फुकट डिलिव्हरी आणि मुलांचे छंद

"आजी, पोस्टेज वाचवायला एवढा आटापिटा कशाला करतेस? हल्ली सगळं फ्री डिलिव्हरी असतं!" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात घरच्यांकडून, भाच्यांकडून आणि सोसायटीतल्या कट्ट्यावरच्या तरुण मंडळींकडून इतक्या वेळा ऐकलंय की आज त्याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. फ्री डिलिव्हरी नावाची गोष्ट जगात नाही, टपाल हशिलाचा हिशेब करणं म्हणजे कंजूषपणा नाही, आणि छोट्या पाकिटाचा दर परवडेनासा झाला की पहिला बळी जातो तो मुलांच्या छंदाचा.

विषय निघाला तो बेसबॉल कार्डांवरून. माझ्या भाच्याचा मुलगा न्यू जर्सीत असतो, वय वर्षे तेरा. त्याला ही कार्डं जमवायचा नाद आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पत्त्याच्या पानापेक्षा किंचित मोठं कार्ड असतं, पुढे खेळाडूचं चित्र आणि मागे त्याची कामगिरी आकड्यांत. पूर्वी ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात आणि पुढे च्युइंगगमबरोबर यायची. १९५२ सालचं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात सव्वा कोटी डॉलर्सच्याही वर गेलं, ते आपण पेपरात वाचतो आणि तोंडात बोट घालतो. पण मुलं जी कार्डं घेतात ती एक-दोन डॉलर्सची असतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. माल एक डॉलरचा आणि पाठवणावळ चार डॉलर्सची!

मग हा पठ्ठ्या काय करतो? एकाच विक्रेत्याकडची आठ-दहा कार्डं हेरून ठेवतो, त्याला आधी निरोप पाठवून विचारतो की सगळी एका पाकिटात पाठवाल का, आणि दोन आठवडे वाट बघतो. तेरा वर्षांच्या मुलाला वाट बघता येते, हे मला त्या कार्डांपेक्षा जास्त मोलाचं वाटलं. तिथल्या ईबे कंपनीनेही २०२१ मध्ये अशा स्वस्त कार्डांसाठी एक वेगळी सोय काढली. वीस डॉलर्सपर्यंतचं कार्ड साध्या पाकिटातून जातं, साध्या पत्राच्या आसपास खर्च येतो, आणि पाकीट कुठवर पोचलं तेही कळतं. म्हणजे व्यापाऱ्यालाही कळलं की पाठवणावळ मालापेक्षा महाग झाली तर धंदा बसेल.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे बेसबॉल नाही, पण क्रिकेट आहे आणि टपाल तिकिटं आहेत. मार्च १९९६ मध्ये, विश्वचषकाच्या सुमारास, आपल्या टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंची तिकिटं काढली होती: सी. के. नायडू, विनू मंकड, विजय मर्चंट आणि आपल्या पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा माणूस टपाल तिकिटावर क्रिकेटपटू म्हणून येतो, यापेक्षा चांगला धडा मुलांना कुठल्या पुस्तकात मिळणार आहे? प्रत्येक तिकीट दोन रुपयांचं होतं. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरचीही तिकिटं निघाली. इतिहास शिकवताना मी वर्गात अशी तिकिटं फिरवत असे. धड्यातली सनावळी विसरणारी मुलं तिकिटावरची सनावळी विसरत नसत.

समजा, देवधरांचं तिकीट आज एखाद्या मुलाला कोलकात्याच्या किंवा चेन्नईच्या विक्रेत्याकडे इंटरनेटवर तीस रुपयांना मिळालं. ते खराडीत येणार कसं? २०२५ च्या ऑगस्टपर्यंत रजिस्टर टपाल होतं. साधारण २६ रुपयांत वीस ग्रॅमपर्यंतचं पाकीट देशात कुठेही नोंद करून जायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचा नवा दर आला: पन्नास ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, पण गावाबाहेर ४७ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे साडेपंचावन्न रुपये. नोंदणीची जोड हवी असेल तर आणखी पाच रुपये आणि त्यावरचा कर. तीस रुपयांच्या तिकिटाला साडेपंचावन्नचं हशील! शहरातल्या शहरात दर उतरला हे मान्य करायला हवं, पण तिकिटांचे विक्रेते काही प्रत्येकाच्या गल्लीत बसलेले नाहीत.

इथे आमचे तरुण म्हणतात, "मग फ्री डिलिव्हरीवाल्याकडून घ्या." अरे बाबांनो, खराडीत राहून हे मला सांगता? आयटी पार्कच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजतासुद्धा पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं दुचाकीवरून धावताना दिसतात. त्यांचं पेट्रोल फुकट येतं का? त्यांची मजुरी कोण देतं? ते पैसे वस्तूच्या किमतीत तरी घातलेले असतात, नाहीतर 'अमुक रुपयांच्या वर फ्री' या पाटीत लपलेले असतात. चाळीस रुपये वाचवण्यासाठी माणूस दोनशे रुपयांची नको असलेली वस्तू टोपलीत टाकतो आणि वर म्हणतो, डिलिव्हरी फुकट पडली! शाळेत असं गणित कुणी सोडवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. ज्या दुकानात माल आणि हशील वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते दुकान मला जास्त प्रामाणिक वाटतं. निदान कशाचे पैसे देतोय ते तरी समजतं.

दुसरी मंडळी म्हणतात, "साध्या टपालाचा भरवसा नाही, स्पीड पोस्टच हवं." ठीक, करूया हिशेब. साधं पाकीट वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांत जातं. म्हणजे तिकीट तीस अधिक पाच, एकूण पस्तीस. स्पीड पोस्टाने तेच साडेपंच्याऐंशी. आता धरून चाला की साधं पाकीट एक आड एक हरवतं (इतकं वाईट कुठेच नसतं, पण वादासाठी धरू). तरी एक तिकीट हाती यायला दोनदा पस्तीस, म्हणजे सत्तर रुपये पडले. हरवाहरवी धरूनही साधं टपाल स्वस्तच! दुर्मिळ, हजारो रुपयांचं तिकीट असेल तर जरूर स्पीड पोस्टाने मागवावं आणि नोंदणीही करावी. पण तीस रुपयांच्या वस्तूला तीनशे रुपयांचं कुलूप कोण लावतो?

तिसरा उपाय आमच्या भाच्याच्या मुलाचा, एकत्र मागवण्याचा. पन्नास ग्रॅमच्या पाकिटात शंभरावर तिकिटं सहज बसतात. चार मुलांनी मिळून एकाच विक्रेत्याकडून मागवलं तर साडेपंचावन्नचे प्रत्येकी चौदा रुपये होतात. यात आणखी एक फायदा असा की चौघं एकत्र बसतात, भांडतात, अदलाबदल करतात. छंद तो हाच, बाकी नुसती खरेदी!

पण एवढे उपाय सांगूनही मूळ प्रश्न उरतोच, आणि तो सरकार दरबारी विचारायचा आहे. टपाल खातं २०१७ पासून 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती देतं. सहावी ते नववीच्या मुलांनी तिकिटं जमवावीत म्हणून वर्षाला सहा हजार रुपये. फार चांगली योजना आहे, मी अनेक पालकांना सांगितली आहे. पण एका हाताने निवडक मुलांना शिष्यवृत्ती द्यायची आणि दुसऱ्या हाताने सगळ्याच मुलांचं पाकीट दुपटीने महाग करायचं, याला काय म्हणावं? विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टात दहा टक्के सूट आहे खरी. ४७ रुपयांवर ती चार रुपये सत्तर पैसे होते. तेवढ्याने मुलाचा खाऊचा पैसा पुरणार नाही.

"पोस्ट तोट्यात आहे, ते तरी काय करणार?" हा नेहमीचा बचाव. त्याला इतिहासात उत्तर आहे. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये रोलंड हिलच्या सांगण्यावरून पत्राचा दर एक पेनी केला, तेव्हा पहिल्याच वर्षात पत्रं दुपटीहून जास्त झाली. उत्पन्न लगेच भरून आलं नाही, त्याला बरीच वर्षं लागली, हेही खरं. पण लोकांना पत्राची सवय लागली. आपल्याकडेही १८५४ मध्ये अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा दर ठरला. परक्या सरकारला जे सुचलं ते आपल्याला सुचू नये?

आणि आपल्याला ते सुचलेलं आहे, म्हणून तर राग येतो. मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोला शंभर रुपये (कर वेगळा), शिवाय पाकीट कुठवर गेलं तेही कळतं. उशिरा पोचलं तरी चालेल, पण स्वस्तात पोचावं, हे तत्त्व खात्याने पुस्तकांबाबत मान्य केलं. मग तेच तत्त्व तिकिटं, नाणी, जुनी चित्रं, कार्डं यांच्या वीस-पन्नास ग्रॅमच्या पाकिटाला का नाही? मला विमान नको, दुसऱ्या दिवशीची घाई नको. आठ दिवस लागू देत. नोंद असलेलं, संथ, पंधरा-वीस रुपयांचं एक पाकीट हवं. तिकिटं छापणाऱ्या खात्यानेच तिकिटं जमवणाऱ्यांसाठी एवढं करू नये?

असो. ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची मुलं आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे, की पुढच्या वेळी मुलाने ऑनलाईन काही मागवायचा हट्ट धरला तर त्याला 'फ्री' शब्द दाखवू नका. वस्तूची किंमत एका बाजूला आणि हशील दुसऱ्या बाजूला लिहायला लावा. मग वाट बघायची का, मित्रांना सामील करायचं का, साध्या टपालाने मागवायचं का, ते त्याचं त्याला ठरवू द्या. आणि कागद-पेन हातात आहेच, तर टपाल खात्याला चार ओळी त्याच्याच हाताने लिहायला लावा. पाच रुपयांत पोचतील!

ता. क. पत्रावर तिकीट लावताना शक्य तर नवं, छान चित्राचं लावा. पलीकडे कुणीतरी ते जमवत असेल.