तापलेल्या पेशीची वर्दी

माणसाची पेशी ३७ अंश सेल्सिअसला सुखाने नांदते. तापमान ४२-४३ अंशांवर गेले की पहिला फटका प्रथिनांना बसतो. अमिनो आम्लांची साखळी ठरावीक घडीत दुमडली तरच प्रथिन काम करते. उष्णतेने घडी सुटते, पाण्यापासून लपलेला भाग उघडा पडतो आणि अशा साखळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पातळ होत नाही तो याचमुळे.

पेशी यावर काय करते, याचा पहिला धागा १९६२ साली इटलीत हाती लागला. फेरुच्चो रितोसा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी इन्क्युबेटरचे तापमान नकळत वाढवले आणि आतल्या फळमाशीच्या अळ्या तापल्या. त्यांच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली नव्याच जागी फुगलेली दिसली. तिथली जनुके जागी झाली होती. विशेष म्हणजे डायनायट्रोफेनॉल आणि सॅलिसिलेट देऊनही तेच फुगवटे उठले. ही दोन्ही रसायने तंतुकणिकांतली (मायटोकॉन्ड्रियातली) ऊर्जानिर्मिती विस्कटतात. खरे तर उष्णता आणि तंतुकणिका यांचे नाते तिथेच दिसले होते. पुढच्या संशोधनाचा झोत मात्र बराच काळ केंद्रकावर राहिला.

तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असला तरी माणसात त्यावर अवघ्या १३ प्रथिनांची कृती असते. बाकीची हजारभर प्रथिने पेशीद्रवातून, उलगडलेल्या स्थितीत, आत ओढावी लागतात. ओढण्याचे काम हीट-शॉक प्रथिनांपैकी (एचएसपी) एचएसपी-७० कुळातले मॉर्टॅलिन करते. आत आलेल्या अनेक साखळ्यांची घडी एचएसपी-६० या पिंपासारख्या प्रथिनात बसते. यीस्टमध्ये हे काम १९८९ साली आर्थर हॉर्विच आणि उलरिच हार्टल यांनी दाखवले. घडी बसलीच नाही, तर लॉनसारखी विकरे त्या साखळीचे तुकडे करतात. उष्णतेत या साऱ्यांवरचा भार वाढतो, म्हणजे त्यांची संख्याही वाढायला हवी. आणि त्यांची जनुके तर केंद्रकात असतात.

तिथे सूत्रे एचएसएफ-१ या प्रथिनाकडे असतात. एरवी एकेकटे वावरणारे त्याचे रेणू उष्णतेत तिघातिघांनी जोडले जातात आणि एचएसपी जनुकांवर बसतात. जपानमधील यामागुची विद्यापीठात अकिरा नाकाई यांच्या गटाने २०१५ मध्ये यातला एक अनपेक्षित भिडू समोर आणला: एसएसबीपी-१. हे प्रथिन तंतुकणिकेतल्या डीएनएचे सुटे धागे सांभाळते. पेशी तापली की ते तंतुकणिकेच्या पटलातील मार्गाने बाहेर पडते, केंद्रकात जाऊन एचएसएफ-१ ला बिलगते आणि डीएनएची गुंडाळी सैल करणाऱ्या यंत्रणेला तिथे बोलावून घेते. मग एचएसपी जनुकांचे वाचन वाढते. वर्दी न्यायला वेगळा दूत नाही. घरातलाच कामकरी धावत जातो! सी. एलेगन्स या सूत्रकृमीत तऱ्हा निराळी. तिथले एटीएफएस-१ हे प्रथिन एरवी तंतुकणिकेत खेचले जाऊन नष्ट होते. आयात अडखळली की ते केंद्रकाकडे वळते.

एसएसबीपी-१ आणि एचएसएफ-१ यांची जोडी तापलेल्या पेशीला तगवते आणि तंतुकणिकेच्या पटलावरचा विद्युतदाबही टिकवते. कर्करोगाच्या अनेक पेशी एचएसएफ-१ च्याच आधारावर जगतात, म्हणून त्याला रोखणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. अशा औषधाची पारख करताना निरोगी पेशी ताप कसा सोसतात, हेही तपासायलाच हवे.